क्लस्टरमध्ये घर मिळेल, पण मैदान कुठे जाईल?

वागळे इस्टेट, किसननगर, हाजुरी, लोकमान्यनगर या पट्ट्यात सध्या कुठल्याही घरी चहाला बसलात तरी गप्पा फिरून फिरून क्लस्टरवर येतात. घर किती फुटांचे मिळणार, तोपर्यंतचे भाडे कोण देणार, भाडेकरूचे काय, कुठल्या सालचे वीजबिल चालणार. हे सगळे प्रश्न रास्त आहेत. ज्याच्या छतातून दर पावसाळ्यात पाणी गळतं, तो आधी छताचंच विचारणार. पण एक प्रश्न या गप्पांत येतच नाही. शहराच्या नकाशावर आपल्या वस्तीच्या नावाने जे मैदान, जी बाग, जी दफनभूमी दाखवलेली आहे, ती क्लस्टर झाल्यावर नेमकी कुठे असेल?

हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. इमारत उभी राहिली, लोक राहायला आले, मग मैदान मागून काही मिळत नाही.

आधी वागळेची जागा समजून घेऊ. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या सर्वांत जुन्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. मागे येऊरचे डोंगर आणि मामा-भांजे टेकडी, पुढे महामार्ग आणि त्यापलीकडे खाडी. कारखाने आले तसे कामगार आले. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून. कारखान्यासाठी भूखंड आखले गेले, पण कामगाराने राहायचे कुठे याचा आराखडा कुणी केला नाही. म्हणून रिकाम्या जागेत, नाल्याच्या काठाने, डोंगराच्या उतारावर चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. पुढे बरेच कारखाने बंद पडले, त्यांच्या जागी काचेची आयटी पार्क आली. वस्ती मात्र तिथेच राहिली, उलट वाढली.

त्यामुळे वागळेत जमिनीचे मालक आणि मालकासारखे वागणारे पुष्कळ. औद्योगिक भूखंड एमआयडीसीचे, रस्ते आणि वस्त्या महापालिकेकडे, डोंगर वनखात्याकडे, काही क्लस्टर सिडकोकडे, काही महाप्रितकडे. नाला तुंबला तर तक्रार कुणाकडे करायची हेच माणसाला कळत नाही, मग मोकळ्या भूखंडावर कुंपण पडले तर कुणाला विचारणार?

डोंगराचे थोडक्यात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती ५ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले, ते ५९.४६ चौरस किलोमीटर आहे. कागदावर संरक्षण आहे. प्रत्यक्षात येऊरमधले बेकायदा बंगले, टर्फ आणि हॉटेले हा विषय वर्षानुवर्षे गाजतोय. गंमत अशी की अतिक्रमण हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर झोपडी येते, बंगला येत नाही. आणि डोंगरावर झाड कमी झालं, माती सुटली, की ते पाणी आणि तो गाळ खाली वागळेच्याच नाल्यांतून खाडीकडे जातो. नाल्याच्या काठावर कोण राहतं, हे आपल्याला माहीत आहे.

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. एकेकाळी साठाहून जास्त तलाव होते असे सांगितले जाते, आज पस्तीसच्या आसपास उरले आहेत. वागळेच्या वाट्याला त्यातला रायलादेवी तलाव आला. तलाव म्हणजे फक्त संध्याकाळी फिरायची जागा नव्हे. पावसाचे पाणी धरून ठेवणारे ते भांडे आहे. त्याच्या कडा काँक्रीटने बांधून, दिवे आणि कारंजी लावून सुशोभीकरण झाले की फोटो छान येतात, पण भांड्यात पाणी किती मावते हा हिशेब वेगळा असतो आणि तोही मागायला हवा.

आता आकड्यांकडे येऊ. केंद्र सरकारची २०१४ ची नगरनियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. कमीत कमी दहा मीटरच धरले तरी १,८४१ हेक्टर होतात. ठाण्यात क्लस्टरसाठी आखलेले सगळे क्षेत्र मिळून सुमारे दीड हजार हेक्टर आहे. म्हणजे २०११ च्याच लोकसंख्येला जेवढी मोकळी जागा हवी होती, ती या सगळ्या क्लस्टर क्षेत्राहूनही मोठी. घराच्या भाषेत सांगायचे तर पाच माणसांच्या कुटुंबाच्या वाट्याला साधारण ५३८ चौरस फूट मोकळी जागा यायला हवी. वागळेतल्या बहुतेक घरांपेक्षा ती मोठी आहे!

इथे एक चलाखी होते, ती ओळखून ठेवा. शहरात हिरवळ भरपूर आहे असे दाखवायला राष्ट्रीय उद्यान, खाडीचे कांदळवन, सगळे बेरजेत धरले जाते. जंगल हवेच, त्याशिवाय शहर जगणार नाही. पण हाजुरीतली दहा वर्षांची मुलगी शाळेतून आल्यावर जंगलात खेळायला जाऊ शकत नाही. तिला पाच मिनिटांच्या अंतरावर, रिक्षा न करता, आईच्या नजरेच्या टप्प्यात असलेले मैदान लागते. मैदान लांब गेलं की मुलगे कसेही पोचतात, मुलींचं खेळणं आधी थांबतं. मग आपणच म्हणतो की मुली घराबाहेर पडत नाहीत.

नकाशावर मैदान असते, पण जागेवर का नसते? याचे उत्तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात आहे. विकास आराखडा तयार होतो तेव्हा खासगी जमिनीवरही बाग, मैदान, शाळा, दवाखाना, दफनभूमी यांची आरक्षणे टाकली जातात. आरक्षण पडले म्हणजे जागा महापालिकेची झाली असे नाही. ती पैसे देऊन, किंवा मालकाला टीडीआर देऊन, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची मुभा देऊन, ताब्यात घ्यावी लागते. दहा वर्षांत हे झाले नाही तर कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपते. बुलडोझर येत नाही, मोर्चा निघत नाही. तारीख उलटते आणि मैदान जाते.

ठाण्याचा आधीचा आराखडा १९९९ मध्ये मंजूर झाला, उरलेला भाग २००३ मध्ये. म्हणजे २००९ पासून, फार तर २०१३ पासून, ताब्यात न घेतलेल्या प्रत्येक आरक्षणाच्या डोक्यावर ही टांगती तलवार आहे. दुसरी वाट कलम ३७ ची. आराखड्यात फेरबदल करायचा, नोटीस काढायची, महिनाभर हरकती मागवायच्या आणि मग बदल करून टाकायचा. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. आपल्या मोहल्ल्यात ती कोण वाचतो?

२०२६ ते २०४६ या वीस वर्षांसाठीचा ठाण्याचा सुधारित प्रारूप आराखडा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. कायद्याप्रमाणे हरकती ऐकणाऱ्या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. इथे स्थायी समितीच नव्हती. वीस वर्षांचा नकाशा प्रशासकाच्या काळात आखला गेला, आणि हरकत घ्यायला जे पोचले त्यांत ज्यांच्याकडे वकील आहे, वास्तुविशारद आहे, सोसायटीचे लेटरहेड आहे, असे लोक पुढे असणार हे उघड आहे. चाळीतल्या माणसाकडे लेटरहेड नसते.

यात क्लस्टरची भर. पहिल्या टप्प्यासाठी कोपरी, राबोडी, हाजुरी, टेकडी बंगला, किसननगर आणि लोकमान्यनगर ही सहा ठिकाणे निवडली गेली. जून २०२३ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते किसननगरात कामाचा आरंभ झाला. किसननगर सिडको करणार, हाजुरी आणि टेकडी बंगला महाप्रित. राबोडी आणि हाजुरी या वस्त्यांत आपल्या समाजाची घरे मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हा विषय लांबचा नाही.

क्लस्टरला विरोध करण्यासारखे काही नाही, हे स्पष्ट लिहितो. धोकादायक इमारतीत राहणाऱ्याला पक्के घर मिळणे हा हक्क आहे. शीळ फाट्यावर एप्रिल २०१३ मध्ये लकी कंपाऊंडची इमारत कोसळून ७४ माणसे गेली, हे ठाणेकर विसरू शकत नाही. तेव्हा घर की मैदान असा वाद कुणी लावत असेल तर त्यात पडू नका. तो वाद खोटा आहे. वाद आहे तो वाटपाचा. त्याच जमिनीवर चार एफएसआयपर्यंत बांधकाम होणार, म्हणजे रहिवाशांच्या इमारतींबरोबर विक्रीच्या इमारतीही उभ्या राहणार, म्हणजे माणसे कितीतरी वाढणार. मोकळी जागा मात्र तेवढीच राहणार, तीही राहिली तर.

नियम काय म्हणतो? क्लस्टरच्या क्षेत्रात विकास आराखड्यातली आरक्षणे हलवता येतात, मात्र त्यांचे क्षेत्रफळ कमी करता येत नाही. वाचायला हे ठीक वाटते. पण मैदान म्हणजे फक्त क्षेत्रफळ नव्हे. शाळेसमोरचे चौकोनी मैदान उचलून नाल्याच्या कडेला लांबट पट्टीत ठेवले तरी चौरस मीटर तेवढेच भरतात. डोंगराच्या उतारावर ठेवले तरी तेवढेच. अशा पट्टीत क्रिकेट होत नाही, जनाजा ठेवायला जागा होत नाही, ईदची सफ लागत नाही. कागद मात्र नियमात बसतो.

आणखी एक घोळ नेहमी होतो. आरक्षणाचे मैदान वेगळे आणि इमारतीच्या आवारातली मोकळी जागा वेगळी. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती त्या आवारातल्या रहिवाशांसाठी असते. गेटवर वॉचमन बसला की बाहेरच्या पोराला आत येता येत नाही. आरक्षणाचे मैदान सगळ्या शहराचे. बैठकीत अधिकारी किंवा विकासकाचा माणूस सांगतो, काळजी करू नका, भरपूर मोकळी जागा ठेवली आहे. तेव्हा विचारायचे, साहेब, यातली कोणती? गेटच्या आतली की बाहेरची?

आणि जमिनीवरची की पोडियमवरची? डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सांगितले की पार्किंगच्या मजल्यांवर पोडियमवर केलेली बाग ही जमिनीवर सक्तीने सोडायच्या मोकळ्या जागेची भरपाई ठरत नाही. निकाल मुंबईच्या नियमावलीवरचा होता, पण त्यातली गोष्ट कुठेही खरी आहे. पोडियमवर कडुलिंब किंवा वड नीट मूळ धरत नाही आणि पावसाचे पाणी तिथून जमिनीत मुरत नाही.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन निकाल बघू, कारण ते दोन दिशांना जातात. पहिला १९९१ चा. बंगळूरूच्या राजमहल विलास भागात बागेसाठी ठेवलेली जागा हॉस्पिटल बांधायला एका ट्रस्टला दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाने ते वाटप टिकू दिले नाही. हॉस्पिटलही लोकांसाठीच असते, हा युक्तिवाद चालला नाही. बाग लोकांची आहे आणि तिच्यासाठी भांडायचा हक्क शेजारच्या साध्या रहिवाशालाही आहे, हे या निकालाने पक्के केले. आपल्याकडे मैदानावर काही बांधायचे असले की नेहमी चांगलेच नाव पुढे करतात. समाजमंदिर, व्यायामशाळा, वाचनालय. म्हणून हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरा निकाल १९ जून २०२५ चा, मुंबई हायकोर्टाचा. मुंबईत मोकळ्या जागेसाठी आरक्षित पण झोपड्यांनी व्यापलेल्या भूखंडांवर, ते ५०० चौरस मीटरपेक्षा मोठे असतील तर, ३५ टक्के जागा मोकळी ठेवून उरलेल्या जागेत पुनर्वसन करता येते. या नियमाविरुद्धची लढाई २००२ पासून चालू होती. कोर्टाने नियम कायम ठेवला, कारण तिथे राहणाऱ्या गरिबाच्या निवाऱ्याचाही हक्क आहे. पण त्याचबरोबर ती ३५ टक्के जागा खरोखर मोकळी आणि सर्वांसाठी खुली राहिली पाहिजे, यावर भर दिला. माझ्या मते हा निकाल पूर्ण समाधान देणारा नाही. १०० तले ६५ टक्के गेले ते गेलेच. तरी त्यातून ठाण्याने एक गोष्ट घ्यावी. जी जागा मोकळी म्हणून मोजली, तिला कुलूप लावता येणार नाही.

आता थोडे आपल्या घरातले. मोकळ्या जागा फक्त बिल्डरने खाल्ल्या असे म्हणून चालणार नाही. मैदानाच्या कोपऱ्यात आधी पत्र्याची शेड येते, मग एखाद्या पक्षाचे ऑफिस, मग मंदिर, मग मस्जिद किंवा मदरशाचा वाढीव भाग, मग त्याच्या भिंतीला लागून दुकाने. सगळे समाज यात सारखेच पुढे आहेत. सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २००९ रोजीच सार्वजनिक रस्ते, बागा अशा ठिकाणी मंदिर, चर्च, मस्जिद, गुरुद्वारा यांच्या नावाने नवे बेकायदा बांधकाम होऊ नये असे बजावले आहे. दुसऱ्याच्या शेडविरुद्ध तक्रार करायची तर आपल्या शेडचा कागद आधी तपासलेला बरा.

दुसऱ्या बाजूने, मैदान नसल्याची किंमत आपण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजतो. ईदची नमाज रस्त्यावर आली की टीव्हीवर चर्चा झडतात. त्या वस्तीत ईदगाह किंवा मैदानाचे आरक्षण होते का, असेल तर ते कुठे गेले, हे कुणी विचारत नाही. जमातीच्या लोकांनी तरी विचारायला हवे. कब्रस्तानचेही तेच. वस्ती दुप्पट झाली, कब्रस्तान तेवढेच राहिले. बऱ्याच मोहल्ल्यांत मोठी झाडे उरली आहेत ती फक्त कब्रस्तानातच. दफनभूमीचे आरक्षण हे आराखड्यातले रीतसर आरक्षण आहे, ते मेहेरबानीने मागायचे नसते.

आराखडा न बघितल्याने काय होते, त्याची ताजी उदाहरणे आपल्याच जिल्ह्यात आहेत. कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्या दाखवून, रेराची नोंदणीही मिळवून ६५ इमारती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितले. जून २०२५ मध्ये शीळच्या खान कंपाऊंडमधल्या १७ बेकायदा इमारतींबाबत तोच आदेश झाला आणि सुप्रीम कोर्टाने त्यात पडायला नकार दिला. घर घेणाऱ्यांनी दागिने विकून पैसे भरले होते, ते रस्त्यावर आले. स्वस्त घर दिसले की आपला माणूस बांधकाम बघतो, टाइल्स बघतो, पाण्याचा जोर बघतो. जमीन आराखड्यात कशासाठी दाखवली आहे, हे बघायला एक सकाळ पुरते, ती मात्र कुणी देत नाही.

वागळेवरून ठाण्याची वर्तुळाकार मेट्रोही जाणार आहे. २९ किलोमीटर, २२ स्थानके, केंद्र सरकारची मंजुरी ऑगस्ट २०२४ ची. वागळे सर्कल आणि लोकमान्यनगर तिच्या वाटेवर आहेत. मेट्रो हवी. पण अशा कामात झाडे तोडायची तर वृक्ष प्राधिकरणाला नोटीस लावावी लागते आणि हरकतीला फक्त सात दिवस मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष धरले जाते. वागळेत कारखान्यांच्या आवारात साठच्या दशकात लावलेली झाडे या वयात कधीच बसली. ती मोजून, फोटो काढून, जागा लिहून ठेवायला शाळेतली मुलेही पुरतात. सात दिवसांत हे काम होत नाही, आधीच करून ठेवावे लागते.

नगरसेवक आता परत आले आहेत. हाजुरी, राबोडी, किसननगरच्या लोकांनी त्यांच्याकडे गटार आणि नळाबरोबर एक नकाशाही मागावा. प्रत्येक क्लस्टरचा नागरी नूतनीकरण आराखडा असतो. जुन्या विकास आराखड्यात या हद्दीत बाग, मैदान, दफनभूमी, शाळेचे मैदान अशी कोणती आरक्षणे होती, त्यांचे क्रमांक आणि क्षेत्रफळ काय, नव्या नकाशात ती कुठे हलवली, तिथे किती रुंदीच्या सार्वजनिक रस्त्याने जाता येते, जागा जमिनीवर आहे की पोडियमवर, आणि महापालिकेच्या ताब्यात ती कधी देणार. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. विक्रीच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळायच्या आधी मैदानाचा ताबा, अशी अट लेखी हवी. नंतरचे वचन नंतरच राहते.

एकट्या माणसाने मागितले तर फाइल सापडत नाही. मस्जिदीच्या ट्रस्टने, चाळ कमिटीने, महिला बचत गटाने आपापल्या नावाने वेगवेगळे अर्ज केले तर सापडते. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महापालिकेचा अर्ज पाचपाखाडीच्या मुख्यालयात शहर विकास विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने द्यायचा. किसननगरसाठी तोच मजकूर सिडकोला आणि हाजुरीसाठी महाप्रितला पाठवायचा, आणि एमआयडीसीच्या हद्दीतल्या मोकळ्या भूखंडांची यादी त्यांच्याकडून वेगळी मागायची. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.